शिंगाळा : एका नावाचे दोन मासे

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पहाटे लिलाव लागतो, तेव्हा सुरमई आणि पापलेटाभोवती दाटी असते आणि शिंगाळ्याची टोपली जरा बाजूला असते. करडा, बिनखवल्यांचा, मिशाळ मासा. पाहुणे येणार असले तर आमच्याकडे कुणी शिंगाळा आणत नाही. घरच्या घरी मात्र तिरफळ घातलेल्या त्याच्या तिखल्याला तोड नाही. कोळणी तो विकताना आधी त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यामागचे दोन असे तीन काटे कोयत्याने उडवतात, कारण तो काटा मेलेल्या माशाचाही लागतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका स्थानिक दैनिकात आमच्या जिल्ह्यातल्या नद्यांवर लेखमाला लिहीत होतो. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही; पतपेढीत कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात जे हाती लागेल ते वाचले. त्या लेखमालेत मी ठोकून दिले की, शिंगाळा हा मासा समुद्रातही असतो आणि गोड्या पाण्यातही. तो भरतीबरोबर खाडीत चढतो आणि थेट कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातही सापडतो. कुठल्याशा यादीत ‘शिंगाळा’ हे नाव दोन्हीकडे दिसले होते, एवढाच माझा आधार. आठवड्याभरात भिगवणहून एक पोस्टकार्ड आले. मजकूर एका ओळीचा होता : ‘तुमचा शिंगाळा घाट कसा चढला ते कळवावे.’ खाली नाव आणि पत्ता.

त्या पोस्टकार्डाला उत्तर देण्यासाठी मला दोन वर्षे लागली. हा लेख त्याच उत्तराचा वाढलेला भाग आहे.

आधी आमच्या नद्यांविषयी, कारण मोठा मांजरमासा कोकणात का नाही हे कळल्याशिवाय तो घाटावर का आहे हे कळत नाही. (मिशा असलेल्या या साऱ्या कुळाला इंग्रजीच्या वळणाने आपण मांजरमासे म्हणतो, कोळी किंवा भोई माणसाच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नाही. पण सोयीचा आहे.) जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, बाव, काजळी, मुचकुंदी : या सगळ्या नद्या सह्याद्रीच्या उतारावर सुरू होतात आणि त्यांचे पाणी सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरांत समुद्राला मिळते. त्यातही खालचा बराच भाग खाडीचा. वाशिष्ठीत भरतीचे पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत येते. म्हणजे गोड्या पाण्याची नदी उरते ती वरची थोडकी. पावसाळ्यात तिथे लोंढा आणि फाल्गुनानंतर नुसते धोंडे. मधूनमधून कोंड आणि डोह, तेवढेच पाणी टिकते. वाशिष्ठीची गोष्ट थोडी वेगळी. पोफळीच्या वीजगृहातून सुटलेले कोयनेचे पाणी तिला मिळते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते आणि चिपळूणच्या मगरी सुखाने नांदतात. पण ती कोयनेची कृपा, नदीचा मूळ स्वभाव नव्हे.

पुरुषभर लांबीच्या शिकारी माशाला लांबचलांब नदी लागते, खोल आणि गढूळ डोह लागतात, बारमाही खाद्य लागते. आमच्या नद्यांत त्या कुळातली मिळते ती वीतभर शेंगटी. मृग लागला आणि पहिला जोराचा पाऊस पडला की चढणीचे मासे शेतांतून, वहाळांतून वर चढू लागतात. बत्ती आणि कोयती घेऊन रात्री माणसे बांधावर उभी राहतात. लहानपणी मीही काकांबरोबर जात असे. मळ्ये, मरळ आणि त्यांत शेंगटी. एकदा घाईने मुठीत धरली आणि तिचा काटा अंगठ्यात गेला. रात्रभर हात गरम पाण्यात घालून बसलो होतो. काटा म्हणजे पराचा पहिला, कडक झालेला किरण. तो उभा करून सांध्यात असा अडकवता येतो की मासा मेला तरी खाली बसत नाही, आणि त्यावरच्या त्वचेत विष असते. शिंगटी, शेंगटी, शिंगाळा ही सारी नावे या शिंगावरून पडली आहेत. माझ्या चुकीचे मूळ इथेच होते. नाव काट्याला पडले होते, मी ते माशाचे समजलो. ज्याला असे शिंग, तो शिंगाळा. मग तो समुद्रातला असो की भीमेतला. जीवशास्त्राच्या हिशेबात ही दोन निरनिराळी कुळे आहेत.

भिगवणला मी गेलो तो एका मे महिन्यात. पोस्टकार्ड लिहिणारे गृहस्थ तेव्हा सत्तरीचे होते. जातीने भोई; वडील भीमेच्या पात्रात मासे धरत आणि काहिलीतून माणसे पार करत. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, त्यात त्यांचे गाव गेले आणि नदीची भोई माणसे जलाशयाची भोई माणसे झाली. सारे त्यांना तात्या म्हणत, मीही म्हणू लागलो. मला बघताच म्हणाले, “या पाव्हणं. घाट चढून आलात, बरं केलंत. शिंगाळ्याला नाय जमलं.”

तात्यांनी मला त्या रात्री पाण्यावर नेले. मोठे मांजरमासे धरण्याची त्यांची रीत थोडक्यात अशी. नायलॉनची लांब दोरी, तिला दोन-दोन हातांवर वीतभर तोडे आणि प्रत्येकाला गळ. दोरीच्या टोकांना दगड आणि खूण म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या. दिवस मावळताना सोडायची, तांबडे फुटायच्या आत उचलायची. शिंगाळ्यासाठी दोरी तळाला टेकली पाहिजे; गळाला गांडूळ, कोळंबी किंवा माशाचा तुकडा. शिवड्यासाठी तीच दोरी काठाच्या उथळात, पाण्याच्या मधल्या थरात. गळाला जिवंत लहान चिलापी, बेडूक, नाहीतर कोंबडीची आतडी. “शिंगाळा तळ सोडत नाय. शिवडा रात्री घरोघर हिंडतो,” तात्या म्हणाले. काठावरच्या लहान मासळीमागे तो अंधारात उथळात येतो आणि उजाडताना खोलात परततो. त्याची ही ये-जा जिथून होते ती वाट ओळखणे हे खरे कसब. गळ-दोरी बाजारात कुणालाही मिळते.

होडीत बोलायला बंदी नव्हती. मात्र माझ्या हातातला डबा फळीवर आपटला तेव्हा तात्या पहिल्यांदाच रागावले. याचे कारण मला पुढे पुस्तकात सापडले. मांजरमाशांच्या पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीने कानाला जोडलेली असते, त्यामुळे पाण्यातून येणारा ठोका त्यांना फार चांगला ऐकू येतो. माणसाचे बोलणे हवेतच राहते. फळीवरचा आघात पाण्यात उतरतो. डोळे मात्र यांचे यथातथाच. ती उणीव मिशा आणि कातडी भरून काढतात. या माशांना खवले नसतात, आणि जिभेवर असतात तसली चव घेणारी टिंबे मिशांवर आणि अंगभर पसरलेली असतात. गढूळ पाण्यात, रात्री, आमिषाची चव या माशाला सर्वांगाने कळते. म्हणून वास मारणारे आमिष, म्हणून अंधार, म्हणून स्थिर पाणी.

पहाटे दोरी उचलली, तेव्हा तिला दोन शिंगाळे आणि एक शिवडा होता. शिवडा हातभरापेक्षा थोडा मोठा. दोन मीटरपेक्षा लांब शिवड्यांच्या जुन्या नोंदी आहेत, त्या मानाने पोरच. पण त्याचे तोंड बघितले आणि इंग्रज शिकारी त्याला गोड्या पाण्यातला शार्क का म्हणत ते कळले. जबड्याची फट डोळ्याच्याही मागे जाते आणि आत कानशीसारखे दातांचे पट्टे. पहिला हिसका जोराचा देतो, मग लवकर दमतो. त्याचा काटा नावापुरता. त्याचे सारे शस्त्र तोंडात. शिंगाळ्याचे उलटे : लांब, चपटा, चमच्यासारखा मुस्काट, पाठीच्याही मागे पोचणाऱ्या मिशा, पाठीवरच्या दुसऱ्या, मांसल पराच्या शेवटी एक काळा ठिपका. “हा ठिपका तुमच्या बंदरावर दाखवा,” तात्या म्हणाले. मी परतल्यावर मिरकरवाड्यात पाहिले. ठिपका नव्हता.

या ठिपक्याच्या माशाचे शास्त्रीय नाव ‘स्पेराटा सिंघाला’. हे नाव लॅटिन नाही, शिंगाळाच आहे. ते तिथे कसे पोचले ही गोष्ट मला या सगळ्या शोधातली सर्वांत मोलाची वाटते.

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. जमीन, पिके, लोकसंख्या हे त्याचे काम. पण हा माणूस पक्षी, प्राणी, मासे, जे दिसेल ते टिपत गेला. मुळा-मुठा, भीमा, घोड या नद्यांच्या काठी त्याचे तळ पडत. धरून आणलेल्या ताज्या माशांची मापे आणि चित्रे करून घेतली जात. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांची संक्षिप्त वर्णने छापली आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर निबंध. आता त्या निबंधातली नावे पाहा. सिंघाला म्हणजे शिंगाळा. सींगटी म्हणजे शिंगटी. गोग्रा म्हणजे घोगऱ्या. शिवाय कुटुर्नी, इचकीया, गूंगवारी, टाकरी. हे सारे मांजरमाशांच्या कुळातले. खवलेवाल्यांत खुद्री, कोलस, फुलंगी, सांडखोल, मळ्या. साइक्सने पुण्याच्या, शिरूरच्या, पेडगावच्या घाटावर “याला काय म्हणतात?” असे विचारले असणार आणि पाण्यात उभ्या माणसाने जे सांगितले ते त्याने इंग्रजी कानाने ऐकून लिहून ठेवले.

प्राणिशास्त्राचा नियम असा की, माशाचे वर्णन पहिल्यांदा ज्या जातिनामाने झाले ते नाव सहसा टिकते. पुढची मंडळी गण बदलतील, जातिनाम बदलणार नाहीत. साइक्सने शिंगाळ्याला ‘प्लॅटिस्टोमा’ गणात, म्हणजे सपाट तोंडाच्या दक्षिण अमेरिकी माशांत बसवले होते. ते चुकले होते, आणि गण पुढे बदलला. घोगऱ्या आता ‘रिटा’ गणात आहे आणि शिंगटी ‘मिस्टस’ गणात. पण सिंघाला, गोग्रा, सींगटी जिथल्या तिथे आहेत. टोकियोतल्या किंवा बर्लिनमधल्या संशोधकाला या माशाविषयी एक ओळ लिहायची असेल, तर भीमेकाठचा मराठी शब्द उच्चारावाच लागतो. साइक्सने वर्णिलेल्या अनेक माशांचे मूळ नमुने आज कुठल्याही संग्रहालयात नाहीत. चित्रे आहेत, वर्णने आहेत आणि ही नावे.

साइक्सने सगळीच नावे काठावरून घेतली असे मात्र नाही. पुण्यातल्या एका महाकाय, डोक्याने चपट्या माशाला त्याने विल्यम यॅरेल या इंग्रज निसर्गअभ्यासकाचे नाव दिले, दुसऱ्या एकाला ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन जॉर्ज चिल्ड्रेनचे. साहेबांची नावे दिली ती ओळखीच्या साहेबांची. ज्यांनी मासे धरून दिले आणि नावे सांगितली, त्या भोयांचे नाव त्याच्या निबंधाने एकाही माशाला दिलेले नाही. तात्यांना मी हे सांगितले, तेव्हा ते रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, “आमचं नाव देऊन काय करायचं? माशाचं नाव बरोबर लिवलं ना, झालं.” मग थोड्या वेळाने : “घोगऱ्या का म्हणत्यात ते लिवलंय का त्यानं?” मी म्हटले, माझा आपला तर्क आहे. काट्याचा सांधा घासून हे मासे कर्रकर्र आवाज काढतात, त्या घोगऱ्या आवाजावरून असेल. तात्यांनी टोपलीतला एक लहान घोगऱ्या उचलून माझ्या कानाशी धरला.

साइक्सच्या आधी सातशे वर्षे याच मुलखातल्या एका राजाने मासे धरण्यावर लिहून ठेवले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ग्रंथ ‘मानसोल्लास’, काळ साधारण ११३० सालचा. मराठी वाचकाला हा ग्रंथ जुन्या मराठीच्या खुणांसाठी माहीत असतो. त्याच्या विनोदांच्या, म्हणजे राजाच्या करमणुकींच्या भागात मत्स्यविनोद हे प्रकरण आहे. माशांचे समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि नुसत्या कातडीचे, मोठे आणि लहान असे भेद त्यात केले आहेत. पस्तीसेक प्रकारचे मासे, कोणाला काय खायला घालून एका जागी सवय लावायची, दोर आणि गळ कसा करायचा, याचा तपशील आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ग्रंथाची बडोद्याची प्रत संपादित करणारे गजानन श्रीगोंदेकर. आणि साइक्स ज्या पेडगावात थांबला ते श्रीगोंदे तालुक्यातच. योगायोग एवढाच, पण मला आवडतो.

मला त्यातली आधी खाऊ घालून सवय लावण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. राजा सुद्धा माशाची वाटच शोधतो आहे. आणि ‘नुसत्या कातडीचे’ हा भेद ज्याने केला त्याने मासा हातात धरून पाहिला होता. संस्कृतातला ‘पाठीन’ हा बहुतेक कोशकारांच्या मते शिवडाच. हिंदी मुलखात त्याला अजून पढिन म्हणतात. मनुस्मृतीने खाण्याला मोकळे ठेवलेल्या माशांत रोहिताबरोबर पाठीन आहे. म्हणजे श्राद्धाच्या पानापर्यंत पोचलेला हा मासा.

आता पुन्हा मे महिन्यातल्या उजनीकडे. त्या दिवसांत जलाशय आटतो, पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडते, काठाने चिखलाचे रुंद पट्टे दिसू लागतात. पावसाळ्याआधीच्या याच दिवसांत शिंगाळ्याची वीण होते. नर उथळ चिखलात खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि निघून जाते. नर राहतो. अंडी फुटून पिल्ले बोटाएवढी होईपर्यंत तो खड्डा सोडत नाही, जवळ येईल त्याच्यावर धावून जातो. या काळात नराच्या पोटाची कातडी मऊ, फुगीर होते. तिच्यातून दुधासारखा स्राव पाझरतो आणि पिल्ले तो खातात, अशी निरीक्षणे अभ्यासकांनी नोंदली आहेत. तात्या याला ‘बाप बसला’ म्हणत. त्यांच्या वडिलांच्या वेळी बसलेल्या बापाला कुणी धरत नसे. दया हे त्यामागचे कारण नव्हते. पुढच्या सालच्या माशाचा तो हिशेब होता.

आता धरतात. खड्ड्यावर बसलेला नर हा सर्वांत सोपा मोठा मासा. त्याला वाट शोधावी लागत नाही, तो जागचा हलत नाही. पाणी उतरले की खड्डे वरून दिसतात. बारीक आसाचे जाळे फिरवले की बापही येतो आणि पिल्लेही. ही आपलीच तऱ्हा नाही. अमेरिकेत ओक्लाहोमासारख्या राज्यांत नदीकाठच्या बिळात हात घालून, अंड्यांवर बसलेल्या नर मांजरमाशाला नुसत्या हाताने ओढून काढण्याचा खेळ आहे; मिसूरी राज्यात नेमक्या याच कारणासाठी, अंडी राखणारा नर जातो म्हणून, त्याला बंदी आहे. आमच्याकडेही कपारीत हात घालून मासे आणि कुर्ल्या काढणारे लोक आहेत. पण शेंगटीच्या एका काट्यानंतर तो छंद मी सोडला.

तात्यांनी हे सांगितले आणि मला मिरकरवाड्याची टोपली आठवली. समुद्रातला शिंगाळा वेगळ्या कुळातला खरा, पण त्याचाही बापच पिल्ले वाढवतो. आणि तो तर अंडी तोंडात धरतो. गोटीएवढी अंडी, ती फुटून पिल्ले पोहू लागेपर्यंत नर काही खात नाही. आमच्याकडे शिंगाळ्याच्या तोंडातून अंडी पडलेली लहानपणी पाहिली आहेत. घरच्या बायकांना वाटे, याने कुणाची तरी अंडी गिळली. १९८०च्या दशकात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनी असे अंडी धरलेले नर टनावारी काढले. डेकवर अंड्यांचा सडा पडे. पुढच्या काही वर्षांत तिथला शिंगाळ्याचा हंगाम बसला. सागरी मत्स्य संशोधकांनी त्याच सुमारास धोक्याची सूचना लिहून ठेवली होती. आमच्या किनाऱ्यावरचे पर्ससीनचे भांडण वाचकांना ठाऊक आहे. ५ फेब्रुवारी २०१६ला राज्य सरकारने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, तो वाद अजून मिटलेला नाही. शिंगाळ्यासाठी मात्र त्या वादात कुणी आवाज काढलेला मी ऐकला नाही. तो पाहुण्यांचा मासा नव्हे.

नदीतल्या मोठ्या मांजरमाशांची अवस्था आणखी चमत्कारिक आहे, कारण कित्येक वर्षे त्यांचा अधिकृत दर्जा शत्रूचा होता. धरणे झाली, त्यांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडायचे धोरण आले आणि ती बोटुकली खाणारा शिवडा डोळ्यांत खुपू लागला. जलाशयातली मासळी वाढवायची तर शिकारी मासे काढून टाका, असा सल्ला मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे छापला गेला. आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत शिवडा ‘असुरक्षित’ गटात आहे. साइक्सने चिल्ड्रेनचे नाव दिलेला मासा तर ‘धोक्यात’ या गटात. तलावाचा ठेका घेणाऱ्या संस्थेला दोष देण्यात अर्थ नाही. तिने बोटुकलीचे पैसे भरलेले असतात आणि शिवड्याने खाल्लेले बोटुकले तिच्या हिशेबातले असते.

त्यातच परके मांजरमासे आले. आफ्रिकेतून आलेला, बाजारात थाई मांगूर म्हणून विकला जाणारा मासा हवेतून श्वास घेतो, घाणीत जगतो, वाटेल ते खातो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला तेच पुन्हा सांगावे लागले. पिंजऱ्यांत वाढवलेला पंगास आता आमच्या खानावळीतल्या ताटातही येतो. काचेच्या टाकीतून सुटलेला सकर उजनीच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. त्याला कुणी खात नाही आणि त्याच्या खरखरीत अंगाने जाळे फाटते.

आणि पाणी. साइक्सने ज्या मुळा-मुठेत मासे पाहिले, तीच नदी पुण्याचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळते आणि तेच पाणी उजनीत साठते. पुण्याच्या माशांची यादी १९४२ साली ए. जी. एल. फ्रेझर यांनी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात छापली होती. या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्याच प्राध्यापकांनी जुन्या याद्या हातात घेऊन नदीवर पुन्हा शोध घेतला, तेव्हा त्यांतले कित्येक मासे शहराजवळच्या पात्रात मिळाले नाहीत. हा शोध घेता आला तो जुनी नावे नीट लिहिलेली होती म्हणून. यादीच नसती, तर काय नाहीसे झाले हे विचारायलाही शब्द उरला नसता. सुरुंगाने आणि विषाने मासे मारण्याला १८९७च्या कायद्याने बंदी आहे. तरी उन्हाळ्यात आमच्या कोंडांतही जिलेटिनच्या कांड्या फुटतात आणि ब्लीचिंग पावडर पडते. पूर्वी गेळफळ किंवा रामेठ्याचा पाला कुटून टाकत, त्याने मासे गुंगत. डोह काही दिवसांत निवळे. कांडीने डोहातले अंडे-पिल्लूही उरत नाही.

तात्यांशी पत्रव्यवहार पुढे चार वर्षे चालला. पोस्टकार्डेच. प्रत्येकात एखादे नाव आणि त्याची खूण : कोणता मासा कोणत्या नक्षत्रात चढतो, कोणाची मिशी कुठवर पोचते. ती माझ्याकडे एकतीस आहेत. साइक्सच्या नावांशी त्यांतली नऊ जुळतात. ‘टाकरी’ म्हटल्यावर तात्यांनी लगेच एक मासा सांगितला. ‘कुटुर्नी’ त्यांनी तीन वेळा निरनिराळ्या तऱ्हेने उच्चारून पाहिले आणि पुढच्या कार्डात लिहिले : ‘नाव आईच्या तोंडी होते, मासा मी पाहिलेला नाही.’

गेल्या मे महिन्यात चिपळूणच्या बाजारात एका पाटीवर बर्फात ठेवलेला मोठा शिंगाळा दिसला. लांब मुस्काट, पाठीवरच्या मांसल पराशी काळा ठिपका. भिगवणहून ट्रकने घाट उतरून आला होता. मी पोटाची कातडी दाबून पाहिली. मऊ, सुटलेली होती. विकणारीला विचारले, “मावशी, हा समुद्राचा की नदीचा?”

“शिंगाळा हाय,” ती म्हणाली, “घेनार असशीला तर काटे काडून देतंय.”